शब्दचर्चा: मुरलेला देऊन होतकरू घेणे

वाऱ्याचं_शहर
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी बेसबॉलवर लेख लिहायला घेतलाय आणि एका वाक्याशी येऊन अडले आहे. प्रसंग असा. डिसेंबर २०१६ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने ख्रिस सेल हा आपला सगळ्यात भारी पिचर (चेंडू टाकणारा) बॉस्टन रेड सॉक्सला देऊन टाकला आणि बदल्यात चार पोरं घेतली: योआन मोंकाडा, मायकेल कोपेक, लुईस बसाबे, व्हिक्टर डियाझ. दुसऱ्याच दिवशी अ‍ॅडम ईटन वॉशिंग्टनला गेला आणि लुकस जिओलिटो, रेनाल्डो लोपेझ, डेन डनिंग आले. पुढच्या जुलैत होझे किंतानाची रवानगी गावातल्याच दुसऱ्या संघाकडे, कब्जकडे झाली, तिकडून एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीज धरून चौघं आले. सहा-सात महिन्यांत अख्खा संघ मोडीत.

आता यातला ट्रेड, प्रॉस्पेक्ट, व्हेटरन आणि रीबिल्ड हे चार शब्द मराठीत कसे आणू? अंक वाचणाऱ्यांत निम्मे आजी-आजोबा आहेत. त्यांना बेसबॉल कळत नाही, पण मराठी चुकलं की लगेच कळतं.

पारिभाषिक
ट्रेड म्हणजे खेळाडू-विनिमय, प्रॉस्पेक्ट म्हणजे उदयोन्मुख खेळाडू, व्हेटरन म्हणजे ज्येष्ठ खेळाडू आणि रीबिल्ड म्हणजे संघ-पुनर्रचना. सगळे शब्द रुळलेले आहेत, अडचण यायला नको.

गिरगावकर
विनिमय परकीय चलनाचा होतो हो. आणि ज्येष्ठ खेळाडू म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एसटीत अर्धं तिकीट काढणारा माणूस येतो.

दुसरा_बेस
गिरगावकरांनी चेष्टेत म्हटलंय, पण मुद्दा खरा आहे. सेल त्या वेळी २७ वर्षांचा होता आणि किंताना २८. यात ज्येष्ठ कोण? इथे वयाचा संबंध थोडा आणि कराराचा जास्त. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, सहा वर्षांची सेवा भरली की खेळाडू मोकळा होतो, हव्या त्या संघाकडे जातो. पहिली साधारण तीन वर्षं तो किमान पगाराच्या आसपास खेळतो, पुढची तीन लवादाने ठरेल त्या पगारावर. म्हणजे क्लबच्या हातात खेळाडू नसतो, त्याची उरलेली वर्षं असतात. सेलचा करार २०१९ पर्यंत ताणता येत होता, तोही त्याच्या दर्जाच्या मानाने फार स्वस्तात. म्हणून तर त्याला इतका भाव आला. करार संपायला दोन महिने उरलेल्या पिचरसाठी मोंकाडा कोणी देत नाही.

तेव्हा शब्द असे हवेत की एकाची वर्षं सरत आली आहेत आणि दुसऱ्याची अजून सुरूच व्हायची आहेत, हे त्यांतून जाणवलं पाहिजे.

शब्दखूण
प्रॉस्पेक्टसाठी मराठीत होतकरू हा शब्द घरातच पडलाय, बाहेर शोधायची गरज काय? उदयोन्मुख हा सत्काराच्या पत्रिकेतला शब्द. होतकरू आपण बोलताना वापरतो, आणि पुढे काहीतरी होईल अशी चिन्हं दिसणारा हाच त्याचा अर्थ.

त्याहून नेमका शब्द उमेदवार, पण तो निवडणुकीने पळवला. मुळात उमेद धरून असलेला तो उमेदवार. पूर्वी वकिलाकडे, छापखान्यात, कारखान्यात पोरं उमेदवारी करायची. पगार नाममात्र, काम शिकायचं आणि कायम होण्याची वाट बघायची. मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजरच्या खालच्या लीगमध्ये, पोरं करतात ती शब्दशः उमेदवारीच. पण अंकात ‘बॉस्टनचे चार उमेदवार शिकागोला’ असं छापलंत तर आजोबा विचारतील, कुठल्या पक्षाचे?

कोथरूड_कट्टा
होतकरूला एक शेपूट आहे. तो एकटा फारसा फिरत नाही, ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ असाच येतो. आणि या मोंकाडाला रेड सॉक्सने २०१५ साली नुसत्या सहीचे ३ कोटी १५ लाख डॉलर मोजले होते. त्याला कुठली शिष्यवृत्ती द्यायची?

दुसरा_बेस
मोंकाडा अपवाद. बाकीच्यांच्या बाबतीत ते शेपूट बरोबर बसतं. ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगच्या एकच पायरी खाली. तिथला किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलर होता. २०२३ साली मायनर लीगवाल्यांचा पहिला सामूहिक करार झाला, तेव्हा कुठे तो ३५,८०० वर गेला. गरीब आणि होतकरू, दोन्ही.

वाऱ्याचं_शहर
होतकरू पक्का. आता व्हेटरन. अनुभवी लिहू का? ‘अनुभवी खेळाडू देऊन होतकरू घेतले’ हे वाचायला बरं वाटतंय.

शब्दखूण
अनुभवी चालेल, पण मिळमिळीत आहे. दहा वर्षं राखीव बाकावर बसलेलाही अनुभवीच. पर्याय दोन: कसलेला आणि मुरलेला. कसलेला म्हणजे मेहनतीने तयार झालेला, पैलवानाला लावतात तो. मुरलेल्यात काळ आला.

तिसरा मुरब्बी. राजकारण्यांनी वापरून वापरून त्याला धूर्तपणाचा वास आणलाय, पण शब्द फारसीमार्फत आलेला अरबी आहे आणि मूळ अर्थ वाढवणारा, सांभाळणारा, पालक. गुजरातीत अजूनही वडीलधाऱ्यांच्या पत्राचा मायना मुरब्बी असतो. मुरंबाही त्याच घराण्यातला. दुसरा_बेस, असा मुरब्बी बेसबॉलमध्ये असतो का?

दुसरा_बेस
असतो तर! संघ मोडायला काढला तरी एखादा वयस्कर कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, मुद्दाम ठेवतात. पोरसवदा पिचरना वळण लावायला. त्याचा बॅटिंगचा आकडा कोणी बघत नाही. त्याला मुरब्बी म्हणा, मूळ अर्थानेच. ज्याला विकून पोरं आणायची तो मात्र कसलेला.

पारिभाषिक
‘विकून’ कशाला? ट्रेडमध्ये विक्री नसते, वस्तूच्या बदल्यात वस्तू असते. म्हणून तर विनिमय म्हटलं.

गिरगावकर
अदलाबदल म्हणा. सुटसुटीत.

कोथरूड_कट्टा
अदलाबदलीत दोन्हीकडची गोष्ट साधारण एका जातीची लागते. छत्र्यांची अदलाबदल होते. इथे एक बाजू आज सामना जिंकून देणारी आणि दुसरी पाच वर्षांनी कदाचित. शिवाय आयपीएलचा ‘ट्रेड’ आठवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आला तो रोखीत, मुंबईचा कोणी तिकडे गेला नाही. पेपरांनी ट्रेडच छापलं. तिथे अदलाबदल लिहिलं असतं तर चूकच ठरली असती.

सांगलीचा_बेदाणा
बदली का नको? ‘सेलची बॉस्टनला बदली झाली.’ सरकारी नोकरीतल्या घरांना काहीही समजवावं लागणार नाही. विनंती नाही, इच्छा विचारली नाही, आदेश आला, बाडबिस्तरा उचलला.

शब्दखूण
भाव अचूक पकडलात. पण क्रीडापानावर बदली खेळाडू म्हणजे मैदानात दुसऱ्याच्या जागी उतरणारा. घोळ होईल. हंगामाच्या मध्यावर, ३१ जुलैच्या आसपास, ट्रेडची मुदत संपायच्या तासभर आधी ज्याला हलवतात त्याच्यासाठी उचलबांगडी हाच शब्द.

गिरगावकर
मग साटंलोटंच म्हणा की! तुमचा घ्या, आमचा द्या, मुलांना कोणी विचारत नाही.

शब्दखूण
साटंलोटं आता संगनमताच्या अर्थाने इतकं रुळलंय की दोन्ही क्लबवर खटला भरल्यासारखं वाटेल. माझं मत सौद्याला. सौद्यात दोघं हुशारी लढवतात आणि कोण फसलं ते नंतर कळतं.

वाऱ्याचं_शहर
माणसांचा सौदा? मला लिहवत नाही. गुरांच्या बाजारासारखं वाटतं.

दुसरा_बेस
ताई, खटकतंय ते खटकू द्या, कारण खेळाडूंनाही खटकलं होतं. सेंट लुईस कार्डिनल्सचा कर्ट फ्लड बारा हंगाम तिथे खेळला आणि १९६९ साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकला. त्याने जायला नकार दिला. बेसबॉलच्या कमिशनरला पत्र लिहून कळवलं की, माझी इच्छा न बघता खरेदी-विक्री करायला मी कोणाची मालमत्ता नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये ५ विरुद्ध ३ मतांनी तो हरला. मात्र वारं फिरलं. पुढच्याच वर्षीच्या करारात नियम आला की मेजर लीगमध्ये दहा वर्षं झालेल्या आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला ट्रेड नाकारता येईल.

म्हणजे आजही ‘नाही’ म्हणायचा हक्क खऱ्या मुरलेल्याला आहे, किंवा ज्याने करारात तशी अट घालून घेतली त्याला. होतकरूला विचारतंय कोण? सौदा हा शब्द त्याच्या बाबतीत मुळीच कठोर नाही.

सांगलीचा_बेदाणा
आपल्याकडे उलट आहे. खेळाडू स्वतःच ना हरकत प्रमाणपत्र मागतो. पृथ्वी शॉ २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला तो असाच. बदल्यात मुंबईला महाराष्ट्राने चार पोरं द्यायची, असं आपल्या डोक्यातही येत नाही. तयार शब्द सापडत नाही तो बहुधा त्यामुळे.

वाऱ्याचं_शहर
बरं, सौदा. रीबिल्ड राहिला. पुनर्बांधणी?

गिरगावकर
इथे मात्र माझं ऐका, आमची चाळ यातून गेली आहे. पुनर्विकास लिहा. चांगली नांदती इमारत पाडायची, रहिवाशांनी संक्रमण शिबिरात राहायचं, बिल्डर म्हणतो पाच वर्षं, आणि सगळ्यांना चित्रातला टॉवर दाखवून ठेवायचा. प्रेक्षक म्हणजे शिबिरातले भाडेकरू.

दुसरा_बेस
मला हा शब्द फार आवडला, कारण यात टॉवर उभा न राहण्याची शक्यताही आली. ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने ओळीने तीन वर्षं शंभरावर सामने गमावले, १०६, १०७, १११. मग २०१७ मध्ये जेतेपद. त्यांचा ताबा वेळेवर मिळाला. व्हाइट सॉक्सचं काय झालं? २०२० मध्ये प्लेऑफला गेले, २०२१ मध्ये गट जिंकला आणि पहिल्याच फेरीत ह्यूस्टनकडून बाद. २०२४ मध्ये १२१ पराभव. आधुनिक काळात एका हंगामात इतके सामने कोणीच हरलं नव्हतं. त्याआधीचा नकोसा विक्रम १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा होता, १२०.

आणि पोरं? सेलच्या बदल्यात आलेल्या चारांपैकी बसाबे आणि डियाझ शिकागोसाठी मेजर लीगचा एकही सामना खेळले नाहीत. जिओलिटोने २०२० मध्ये पिट्सबर्गविरुद्ध नो-हिटर टाकला, आख्ख्या सामन्यात एक हिट दिला नाही. त्याच जिओलिटोला आणि लोपेझला जुलै २०२३ मध्ये एकत्र एंजल्स संघाकडे पाठवलं. बदल्यात काय घेतलं? दोन होतकरू. म्हणजे सहा-साडेसहा वर्षांत दोघं होतकरूचे कसलेले झाले आणि पुन्हा त्याच तराजूत बसले. तिकडे सेलने २०१८ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे जेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, शेवटचा चेंडू टाकला. समोरचा बॅटर मॅनी मचाडो त्या स्लायडरवर, म्हणजे ऐनवेळी वळणाऱ्या चेंडूवर, असा फिरला की एक गुडघा जमिनीला टेकला, आणि बॉस्टन जिंकलं.

कोथरूड_कट्टा
म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हेच खरं ना?

दुसरा_बेस
एवढं सरळ नाही. १२ ऑगस्ट १९८७ ला डेट्रॉइट टायगर्सने हातचं घेतलं. अटलांटाकडून ३६ वर्षांचा डॉइल अलेक्झांडर आणला आणि त्याच्या बदल्यात मिशिगनमध्येच वाढलेला वीस वर्षांचा एक मायनर लीगवाला देऊन टाकला. अलेक्झांडर नऊ सामने जिंकला, एकही हरला नाही, डेट्रॉइटने गट जिंकला. प्लेऑफमध्ये मात्र त्याने सुरुवात केलेले दोन्ही सामने गेले. तो पोरगा जॉन स्मोल्ट्झ. पुढे २१३ विजय, १५४ सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने), २०१५ मध्ये हॉल ऑफ फेम. माझ्या मते डेट्रॉइटची तरीही चूक झाली नाही. त्या सप्टेंबरात त्यांना जे हवं होतं ते त्यांनी विकत घेतलं. व्हाइट सॉक्सचंही सेल देणं चुकलं नाही, मिळालेल्या पोरांना वाढवणं चुकलं. मुरब्बी कमी पडले.

पारिभाषिक
एक शंका. सौद्यांच्या बातम्यांत ‘नाव नंतर कळवायचा खेळाडू’ असा प्रकार वाचला. हे काय?

दुसरा_बेस
हिशेबातली बाकी. आज एक घ्यायचा, बदल्यात कोण ते सहा महिन्यांच्या आत ठरवायचं. डेव्हिड ऑर्टिझ १९९६ मध्ये असाच सिअ‍ॅटलहून मिनेसोटाला गेला, तेव्हा तो डेव्हिड एरियास नाव लावायचा. आणि त्याच १९६२ च्या मेट्सने हॅरी चिटी हा कॅचर क्लीव्हलँडकडून ‘नाव नंतर’ या बोलीवर घेतला. दोनेक महिन्यांत बाकी चुकवायची वेळ आली तेव्हा चिटीच परत पाठवला. स्वतःच्याच बदल्यात गेला तो.

शब्दखूण
याला ‘बिननावी खेळाडू’ नका म्हणू. ‘नाव मागाहून’ एवढंच पुरे.

वाऱ्याचं_शहर
वाक्य असं झालंय: “२०१६ च्या डिसेंबरात व्हाइट सॉक्सने संघ पुनर्विकासाला काढला आणि ख्रिस सेल या कसलेल्या पिचरचा चार होतकरूंशी सौदा केला.”

शब्दखूण
‘होतकरूंशी सौदा’ म्हणजे त्या पोरांबरोबर बसून सौदा केला असं होतं. सौदा बॉस्टनशी झाला. “कसलेला ख्रिस सेल बॉस्टनला देऊन चार होतकरू घेतले” असं सरळ लिहा. मग सौदा हा शब्द मथळ्यात वापरता येईल.

गिरगावकर
आणि पुनर्विकासाला अवतरण चिन्ह नको. आजोबांना कळतं.