निर्वासित घेणाऱ्या देशाने नेमकं करायचं तरी काय? (घरच्या ग्रुपवर भांडण पेटलंय)

ऐरोली_सेक्टर

नमस्कार मंडळी, विषय जरा जड आहे पण इथे वाचणारी लोकं आहेत म्हणून विचारतोय.

माझा मेहुणा जर्मनीत असतो, श्टुटगार्टच्या बाजूला, ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी लोकांचा नोकरीचा परवाना). त्याचं फॅमिली ग्रुपवर रोजचं तुणतुणं, आम्ही मरमर टॅक्स भरायचा आणि सरकारने निर्वासितांना फुकट घरं द्यायची. त्याच्या मुलीच्या शाळेचा खेळाचा हॉल कितीतरी महिने बंद होता, आत लोखंडी पलंग टाकून माणसं ठेवलेली, मध्ये चादरी बांधून पार्टिशन, आणि पोरांची पीटी बाहेर पार्किंगमध्ये. वर त्याचं दुसरं दुखणं असं की आता ट्रेनमध्ये लोक त्याच्याकडेही त्याच नजरेने बघतात, बाबा डिग्री, व्हिसा, भाषेची परीक्षा सगळं करून गेलाय पण ते काय कपाळावर लिहिलेलं असतं का.

यावर माझी मुलगी भडकली (लॉ करतेय, दुसरं वर्ष), म्हणाली मामा तू पगारासाठी गेलास, ते जीव वाचवायला गेलेत, तक्रार तू कसली करतोस. झालं. तेव्हापासून मेहुणा ग्रुपवर फक्त गुड मॉर्निंग टाकतोय.

मला विचारायचंय ते एवढंच की "या" आणि "हाकला" ह्या दोन टोकांच्या मध्ये काय आहे? ज्या देशांनी खरंच लोकं घेतली त्यांचं काय जमलं आणि काय गंडलं? फॉरवर्ड कृपया नको, ते घरी भरपूर आहेत.

कोपरीवाला

साहेब एवढं लांब जर्मनीला कशाला जाताय, ऐरोलीहून गाडी काढा, ट्रॅफिक नसेल तर तासाभरात उल्हासनगर. (ट्रॅफिक नसेल तर, हे आपलं म्हणायचं.)

फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या मिलिटरी छावणीत आणून ठेवली, एक लाखाच्या आसपास. बराकीत पडदे बांधून एकेका खोलीत कुटुंबं, म्हणजे तुमच्या मेहुण्याने सांगितलेलं चित्र आपल्याकडे 1948 लाच होऊन गेलंय. 8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींनी, तेव्हा ते गव्हर्नर जनरल होते, कोनशिला बसवली आणि छावणीचं शहर झालं. आजही रिक्षावाला पत्ता कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर पाच असाच विचारतो.

आमच्या कोपरीतही सिंधी वस्ती मोठी. माझे आजोबा सांगायचे की सुरुवातीला ठाण्याच्या दुकानदारांची फार कुरकुर होती, हे लोक कमी मार्जिनवर माल विकतात, बाजार बिघडवतात. बाया घरी पापड लाटायच्या आणि पोरं ते लोकलमध्ये विकायची. मुद्दा काय तर त्यांना कोणी "थांबा, तुमची फाईल बघतोय, तोवर काम करायचं नाही" असं म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून धंदा. पुढे 1954 च्या कायद्याने तिकडे सोडून आलेल्या मालमत्तेचे क्लेम मंजूर झाले, त्यातूनच बऱ्याच जणांच्या नावावर राहती जागा झाली. माझं मत विचाराल तर होस्ट देशाने करायची पहिली गोष्ट हीच, कामाला लावा, बाकीचं नंतर बघू.

रोखठोक_नेरुळ

कोपरीवाले उदाहरण छान आहे पण फसवं आहे. सिंधी लोक परके नव्हतेच हो, देशच तुटला होता, ते आले आणि नागरिक झाले, मतदार झाले. सीरियातून जर्मनीत गेलेल्या माणसाची तुलना त्यांच्याशी कशी करणार? आणि उल्हासनगरची दुसरी बाजूही सांगा की, तिथली बेकायदा बांधकामं नियमित करायला 2006 मध्ये सरकारला खास त्या शहरापुरता कायदा करावा लागला. माणसं आधी आली, प्लॅनिंग मागून आलं, आणि अजून येतंच आहे.

मी माणुसकीच्या विरोधात नाही पण प्रत्येक गावाची एक क्षमता असते. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. शाळेत जागा नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, भाड्याने घर मिळत नाही, अशा ठिकाणी वरून ऑर्डर येते की पाचशे माणसं घ्या, मग तिथला माणूस चिडणार नाही तर काय ओवाळणार? त्याला लगेच रेसिस्ट म्हणून मोकळं व्हायचं. जर्मनीत काय झालं बघा, तेव्हाच्या चॅन्सलर मर्केल बाई 31 ऑगस्ट 2015 ला निर्वासितांबद्दल म्हणाल्या "आम्हाला हे जमेल", आणि 2025 च्या फेब्रुवारीत निर्वासितविरोधी एएफडी पक्ष 20 टक्क्यांच्या वर मतं घेऊन दोन नंबरला. मेहुण्याच्या शाळेचा हॉल बंद झाला ना, तिथून ती मतं येतात.

आणि शेजाऱ्यांनी घ्यावं की. सीरियाच्या बाजूला एवढे देश आहेत.

बेलापूर_रिटर्न

शेजाऱ्यांनीच घेतलेत सर. जगातले 70 टक्क्यांहून जास्त निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहेत. एकट्या तुर्कस्तानात एके काळी 36 लाखांवर सीरियन होते, आणि 2016 मध्ये युरोपने तुर्कस्तानला 600 कोटी युरो कबूल केले ते कशासाठी, तर माणसं तिकडेच थांबवा म्हणून. शिवाय घरदार सुटलेल्यांतले निम्म्याहून जास्त तर देशाची सीमाही ओलांडत नाहीत, आपल्याच देशात दुसरीकडे जाऊन पडतात.

आता जर्मनीचं. मी तिकडे काही वर्षं होतो, 2015 ला सीरियातून वगैरे निर्वासित आले तेही बघितलंय. बर्लिनमध्ये टेम्पेलहोफचा जुना विमानतळ आहे, त्याच्या हँगरमध्ये माणसं ठेवली होती. पण एक गोष्ट त्यांनी आधीपासून ठरवून ठेवलेली, कुठल्या राज्याने किती घ्यायचे. त्याला म्हणतात क्योनिगश्टाइन सूत्र, म्हणजे राज्याचा टॅक्स किती जमतो त्याला दोन तृतीयांश वजन आणि लोकसंख्या किती त्याला एक तृतीयांश. श्रीमंत राज्याला जास्त वाटा. म्हणून बव्हेरियाने कुरकुर केली तरी आकडा बदलत नव्हता. आपल्याकडे धरणाचं पाणी असं वाटून दाखवा!

भाषेसाठी इंटिग्रेशन कोर्स, साधारण 600 तास जर्मन आणि 100 तास कायदा-इतिहास वगैरे. हे चांगलं. फसलं कुठे तर अर्ज पेंडिंग असताना. पहिले तीन महिने कामाला बंदीच, सेंटरमध्ये राहात असाल तर त्याहून जास्त, आणि निकाल यायला काहींना वर्ष वर्ष. धडधाकट तिशीतला माणूस सकाळी उठून करणार काय? हॉलच्या बाहेर उभा राहून सिगरेट ओढणार. आणि तेच तुमच्या मेहुण्याला दिसणार, बघा काही करत नाहीत फुकटे.

उलट युक्रेनवाल्यांचं बघा. युरोपात तात्पुरत्या संरक्षणाचा नियम 2001 पासून पडून होता, कधी वापरलाच नव्हता, तो 4 मार्च 2022 ला लागू केला, रशियाने हल्ला केल्यावर दहा दिवसांच्या आत. एकेकाचा अर्ज तपासत बसायचं नाही, आला की राहायची परवानगी, कामाची परवानगी, पोरं शाळेत. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. सीरियनांच्या वेळी का नाही केलं याचं उत्तर माझ्याकडे आहे पण ते लिहिलं तर धागा बंद पडेल.

आणि 2015 ला आलेल्यांचं पुढे काय झालं हेही सांगतो कारण ते कोणी फॉरवर्ड करत नाही, 2022 पर्यंत त्यातले साठ टक्क्यांच्या वर नोकरीला लागले होते. बायकांचं प्रमाण मात्र पुरुषांच्या निम्म्याहून कमी, पोरं सांभाळायला कोणी नाही आणि कोर्सला जाता येत नाही, तिथे जर्मनी कमीच पडली.

अॅड_तीनहातनाका

रोखठोक दादा, चिडणाऱ्या स्थानिकाचा मुद्दा बरोबर आहे, पण आपण स्वतः कुठे उभे आहोत तेही बघू.

भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, 1967 च्या प्रोटोकॉलवरही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. आधी 1946 चा परकीय नागरिक कायदा, आता त्याच्या जागी 2025 चा नवा. म्हणजे कायद्याच्या डोळ्यांत तुम्ही एकतर नागरिक किंवा परके. मग चालतं कसं? तर गटागटाने. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ सरकार स्वतः बघतं, अफगाण, म्यानमारवाले वगैरे दिल्लीच्या यूएनएचसीआरकडे (संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था) जातात, तिथून कार्ड मिळतं. ते कार्ड घेऊन बँकेत जा, काऊंटरवरची मुलगी उलटसुलट करून बघते आणि विचारते आधार कुठेय. इथेच गाडी अडते. आधार नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पगार हातात, कॅश, आणि कॅश म्हणजे मालक देईल तेवढा.

निदान कोर्टाने एक केलंय, 1996 मध्ये अरुणाचलच्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कलम 21 मधला जगण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे, नुसता नागरिकाला नाही.

कोपरीवाले म्हणतात कामाला लावा, मी म्हणते त्याच्या आधी कागद द्या. तमिळनाडूत श्रीलंकन तमिळांचे कॅम्प 1983 च्या दंगलीनंतर सुरू झाले, ते आजही आहेत. तिथे जन्मलेली मुलं चाळिशीला आली, तमिळ बोलतात, तमिळनाडूतच शिकली, आणि कागदावर अजून कुठलीच नाहीत. 2021 ला राज्य सरकारने कॅम्पचं नाव बदलून पुनर्वसन छावणी केलं. नाव बदललं.

करवीरकर_खारघर

कोणीच वळिवड्याचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. आमच्या कोल्हापूरला 1943 पासून युद्ध संपून पुढे काही काळापर्यंत पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, पाच हजारांच्या आसपास, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने त्यांना सायबेरियात नेऊन टाकलं होतं, तिथून इराणमार्गे इकडे. स्वतःच्या शाळा, चर्च, सगळं. त्यांना इथे कायमचं राहायचं नव्हतं आणि तसं कोणी धरूनही चाललं नव्हतं, पण म्हणून मुलांची शाळा बंद ठेवली नाही. म्हातारे पोलिश लोक नंतर कितीदा तरी छावणी बघायला आलेत.

आणि गंमत पुढे आहे, पोलिश गेले आणि त्याच जागेत फाळणीतले सिंधी येऊन राहिले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा पश्चिम महाराष्ट्र आणि अर्धं बेळगाव तिथे असतं. एकाच जागेत दोन वेळा निर्वासित आले आणि दोन्ही वेळा वेगळं उत्तर निघालं, एकदा परत जाणारे, एकदा इथलेच झालेले. तेव्हा सगळ्यांना एकच नियम लावा म्हणणाऱ्यांना माझा थोडा विरोध.

ऐरोली_सेक्टर

बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं. क्योनिगश्टाइनवालं ग्रुपवर टाकलं, मेहुण्याने गुड मॉर्निंगच्या जागी अंगठा दिला, ही प्रगती समजतो. मुलगी विचारतेय, गरीब देशांत हे कोणी नीट केलंय का? जर्मनीकडे पैसा आहे म्हणून जमतं असं मामाचं पुढचं वाक्य येणारच आहे.

अॅड_तीनहातनाका

सांगा तिला, युगांडा आणि कोलंबिया बघ. युगांडात 2006 चा कायदा आहे, निर्वासिताला काम करता येतं, देशात फिरता येतं, आणि वस्तीत कसायला जमिनीचा तुकडा मिळतो. पंधरा लाखांच्या वर माणसं घेतलीत त्यांनी, आफ्रिकेत सगळ्यात जास्त. पण अगदी गोड चित्रही रंगवू नका, माणसं वाढली तसे जमिनीचे तुकडे लहान होत गेले आणि बाहेरच्या देशांनी मदत आखडती घेतल्यावर रेशन कापलं गेलं. पैसे देऊ म्हणणारे श्रीमंत देश दोन वर्षांनी विसरतात, मग यजमान एकटा.

कोलंबियाने 2021 मध्ये व्हेनेझुएलातून आलेल्यांना दहा वर्षांचा परवाना देऊन टाकला. त्यांचा हिशोब साधा होता, माणसं तशीही आलेलीच आहेत, लपून राहण्यापेक्षा नोंद झालेली बरी.

रोखठोक_नेरुळ

नोंद व्हावी, फटाफट निकाल लागावा, पात्र असेल त्याला काम द्यावं, इथपर्यंत मी तुमच्याबरोबर आलो बघा. पण ज्याचा अर्ज फेटाळला त्याचं काय? यावर इथे कोणी अवाक्षर काढलेलं नाही. त्याला परत पाठवलं नाही तर मग अर्ज तपासायचा तमाशा कशाला? ब्रिटनने आश्रय मागायला आलेल्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायची स्कीम काढली तेव्हा सगळे त्यांच्यावर तुटून पडले.

बेलापूर_रिटर्न

रवांडा स्कीम वेगळी होती हो, त्यात अर्ज न तपासताच पाठवायचं होतं. तिथल्याच सुप्रीम कोर्टाने 2023 ला बेकायदा ठरवली, आणि 2024 ला नवीन सरकारने गुंडाळली तोवर पाठवले किती, तर स्वखुशीने गेलेले चार जण. त्यापायी करोडो पाउंड घातले.

पण तुमचा मूळ प्रश्न खरा आहे. जर्मनीत अर्ज फेटाळला पण पाठवता येत नाही, पासपोर्ट नाही किंवा त्याचा देश घ्यायला तयार नाही, अशांना डुल्डुंग म्हणून कागद देतात, म्हणजे तूर्तास हाकलत नाही एवढंच. तो काही महिन्यांचा असतो, परत परत रिन्यू करायचा, आणि असं करत लोकांची वर्षानुवर्षं गेलीत. घरमालक त्या कागदावर घर देत नाही, कंपनी ट्रेनिंगला घ्यायला कचरते. म्हणून त्यांनी शेवटी असं केलं की 31 ऑक्टोबर 2022 ला ज्यांना पाच वर्षं झालीत त्यांना 18 महिन्यांची मुदत, तेवढ्यात भाषा शिका, ओळखीची कागदपत्रं आणा, स्वतःच्या कमाईवर उभे राहा, मग पक्कं करतो. जमलं नाही तर पुन्हा डुल्डुंग.

रोखठोक_नेरुळ

हे ठीक वाटतं. फक्त ती तारीख हलता कामा नये. आपल्याकडे झोपडपट्टीची कट-ऑफ 1995 होती, मग 2000 झाली, मग पैसे भरून 2011 झाली, आता पुढची कधी येते त्याची दिघ्यापासून मुंब्र्यापर्यंत लोकं वाट बघतायत.