कंपनीचा फुकटचा राउटर पुरतो की स्वतःचा घ्यावा?

मुलुंडकर (धागाकर्ता)
काडी टाकतोच. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस एकच धोशा चाललाय: ‘नेटवाल्याचा राउटर असुरक्षित, स्वतःचा घ्या.’ कशाला? साडेपाचशे फुटांचं घर. दाराशी लावलेल्या डब्याची रेंज बाल्कनीपर्यंत येते. पाच-सहा हजारांचा चार अँटेनावाला आणून शोकेसमध्ये मांडायचा आणि पासवर्ड पुन्हा तोच, बिल्डिंगचं नाव नि फ्लॅट नंबर! माझं मत: पैसे पाण्यात.

लॅमिंग्टनचा वारकरी
साफ असहमत. प्रश्न रेंजचा नाही, डबा कोणाच्या ताब्यात आहे याचा आहे. फायबरवाले आपला डबा त्यांच्या ऑफिसात बसून चालवतात. अ‍ॅडमिनचा, म्हणजे राउटरच्या सेटिंगचा, पूर्ण पासवर्ड पुष्कळदा ग्राहकाला मिळतच नाही, फर्मवेअर (डब्यातलं सॉफ्टवेअर) कधी बदलायचं तेही तेच ठरवणार. माझ्याकडे डबा लावायला आलेल्या पोराने वाय-फायला माझाच मोबाइल नंबर टाकला आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’च ठेवला. २०१६ चं मिराय नावाचं घातक सॉफ्टवेअर आठवा. फार डोकं लढवावं लागलं नव्हतं, कारखान्यातून आलेले पासवर्ड ओळीने लावून पाहिले, बस. लाखो कॅमेरे-राउटर ताब्यात आले आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स आडवे पाडले.

मुलुंडकर
म्हणजे घोळ पासवर्डाचा झाला, डब्याचा नव्हे. मी वेगळं काय म्हणतोय? विकतच्या राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्ड तरी किती जण बदलतात? अर्ध्या लोकांना वाय-फायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड हे दोन वेगळे असतात हेच ठाऊक नसतं.

चाळ ते टॉवर
वारकरीबुवा, रेंजचा प्रश्न नाही कसा? आम्ही लालबागला. फोनवर आजूबाजूची वाय-फाय मोजली, चौतीस! वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांत न घुसणारे चॅनेल (वाटा) तीनच, १, ६ आणि ११. त्यात चौतीस जणांची धक्काबुक्की, म्हणजे सकाळची ८:४२ ची फास्ट. आमच्या ह्यांनी रागारागाने महागडा राउटर आणला आणि ठेवला लोखंडी कपाटाच्या मागे. परिणाम शून्य. मी तो कपाटावर चढवला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर घेतला, काम झालं. ५ ची लहर दोन भिंतींत दम टाकते, पण म्हणूनच शेजाऱ्यांचीही आपल्याकडे कमी येते.
रच्याकने, ते ‘बटण दाबा नि जोडा’वालं डब्ल्यूपीएस पहिलं बंद करा. त्याची आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा. त्यामुळे दहा कोटी शक्यता वाटतात, पण प्रत्यक्षात ११ हजार प्रयत्नांत सापडते. हे २०११ मध्येच उघड झालंय.

निवृत्त टेलिफोनवाला
तरुण मंडळी २००८ विसरली वाटतं. अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळचा धमकीचा ई-मेल सानपाड्यातल्या एका घराच्या वाय-फायवरून गेला होता. घरातल्या माणसाचा काडीचा संबंध नव्हता, पण पोलीस आधी त्याच्याच दारात. पुढे जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वाय-फाय शोधत रस्तोरस्ती फिरले होते. आजही शेजारची मुलं ‘काका, पासवर्ड द्या ना’ म्हणतात आणि आपण देतो. नाही म्हणवत नाही हो. मी गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी वेगळं वाय-फाय, करून ठेवलंय, तेवढंच देतो.

लॅमिंग्टनचा वारकरी
काका, गेस्ट नेटवर्कसाठी +१. पण ही सोय कंपनीच्या सगळ्या डब्यांत उघडी नसते, हाच तर माझा मुद्दा! घ्यायचाच तर अँटेना मोजू नका. डब्ल्यूपीए-३ (वाय-फायचं नवं सुरक्षा-कुलूप) आहे का आणि कंपनी अपडेट किती वर्षं देते, एवढं विचारा. डब्ल्यूपीए-२ हे २००४ चं. २०१७ मध्ये त्यात क्रॅक नावाचं भोक सापडलं, तेव्हा ज्यांना अपडेट मिळालं ते सुटले. फायबरचा डबा काढता येत नाही, त्याला ब्रिज मोडवर (डबा नुसता नेट पुढे पाठवतो, राउटरचं काम करत नाही) टाकून मागे आपला राउटर लावायचा.

मुलुंडकर
ब्रिज मोड! आमच्या नेटवाल्याला फोन केला तर म्हणाला, ‘सर, बंद करके चालू करो.’

चाळ ते टॉवर
मुलुंडकर, वाद राहू द्या. डब्याखालच्या स्टिकरवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका आणि कोण-कोण जोडलंय ते बघा. मग बोलू.

मुलुंडकर
बघितलं. माणसं चार, उपकरणं अकरा. नऊ ओळखली. दहावा कुणाचा तरी जुना फोन. अकराव्याचं नाव ‘गीझर’.
आमचा गीझर गॅसचा आहे.