स्टार्ट-स्टॉपवाल्या ब्रेझासाठी कोणती बॅटरी घ्यावी? (ठाणे)

मानपाडेकर: नमस्कार मंडळी. माझी गाडी २०२२ ची ब्रेझा, पेट्रोल ऑटोमॅटिक, स्मार्ट हायब्रिड. बॅटरी अजून मूळचीच आहे. हल्ली सकाळी सेल्फ जड फिरतो. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं तर केव्हाच थांबलंय, एसी बंद ठेवला तरी. रोज घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावामार्गे ऐरोली. शनिवार-रविवार गाडी बहुतेक सोसायटीत उभी असते. एक दुकानदार म्हणतो साधी ५५ महिन्यांच्या वॉरंटीची घ्या, दुसरा ईएफबीच (स्टार्ट-स्टॉपसाठी मजबूत केलेली) घ्या म्हणतो, आणि तिसरा एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषून ठेवलेली, महागडी) गळ्यात मारतोय. आईला दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागते, त्यामुळे ऐनवेळी दगा नको. बजेट थोडं वाढवायची तयारी आहे.

नेरूळकर: ताई, साधी घेऊ नका. स्टार्ट-स्टॉप गाडीची बॅटरी दिवसभर थोडी रिकामी होते, थोडी भरते, आणि बराच वेळ अर्धवट चार्जवरच असते. साध्या बॅटरीच्या प्लेटवरचा मसाला त्यात लवकर झडतो. ईएफबीत पॉझिटिव्ह प्लेटवर पॉलिएस्टरचं जाळीदार आवरण असतं, त्यामुळे तो धरून राहतो. दुकानात दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात आणि साधीवर गाडी सुरूही होते, म्हणून तो सल्ला सर्रास दिला जातो. एजीएम त्याहून टिकाऊ, पण किंमत बरीच चढते, आणि इंजिनाशेजारच्या उष्णतेत तिचा फायदा घटतो. मूळची ईएफबी असेल तर मी ईएफबीच घेईन. मूळची एजीएम असलेल्या गाडीत मात्र खाली उतरू नये.

आता ब्रँडपेक्षा महत्त्वाचं म्हणजे जुन्या बॅटरीवरचं लेबल. त्याचा फोटो काढून तोच दुकानात दाखवा. मॉडेलवरून अंदाजाने दिलेली बॅटरी बसली नाही, तर क्लॅम्प आणि वायरींची ओढाताण होते. आकड्यांचाही घोळ असतो. लेबलवरचं ५५बी२४एल म्हणजे ५५ अँपिअर-अवर (वीज साठवण्याची क्षमता) नव्हे. पहिला आकडा क्षमतेचा दर्जा सांगतो, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २४ म्हणजे सेंटीमीटरमधली लांबी आणि शेवटचं अक्षर प्लस कोणत्या बाजूला आहे ते. अँपिअर-अवर आणि सीसीए (थंडीत सेल्फ फिरवण्याची ताकद) वेगळे छापलेले असतात, तेच ताडून बघा. सीसीए मूळच्यापेक्षा कमी नको.

आणि वॉरंटीचे ५५ महिने ऐकून हुरळू नका. त्यातला मोफत बदलून मिळण्याचा काळ किती आणि प्रो-राटाचा किती हे कार्डावर वाचा. प्रो-राटात तुम्हाला फक्त सवलत मिळते. उत्पादनाची तारीखही बघा, कारण दुकानात पडून राहिलेली बॅटरी आपोआप उतरत जाते. तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा.

वाशी_गॅरेज: आधी तपासणी करा, मग खर्च. गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी गाडी सुरू करायच्या आधी बॅटरीला मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. पूर्ण भरलेली असूनही सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी संपत आली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं की अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा) बहुतेक ठीक. डॅशकॅम आहे का? पार्किंग मोडवर असेल तर तो कॅमेरा रात्रभर बॅटरी खातो. गाडी झोपल्यावर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढ असेल तर नवी बॅटरीही मरेल.

मानपाडेकर: डॅशकॅम आहे, आणि पार्किंग मोडवरच! आज सकाळी रीडिंग घेतलं: उभ्या गाडीत १२.१, सेल्फ मारताना ९.१, इंजिन चालू असताना १४.२. लेबलवर ईएफबी स्पष्ट लिहिलंय. डॅशकॅमची वायर काढून एक रात्र पुन्हा बघू का, की थेट बॅटरीच घ्यावी?

वाशी_गॅरेज: वायर काढा, चार्जरवर पूर्ण भरून घ्या आणि दुकानात लोड टेस्ट (भार देऊन तपासणी) करायला सांगा. अर्ध्या चार्जवर केलेल्या टेस्टवरून निकाल देता येत नाही. भरूनही सेल्फला ती कोसळली तर बदला. आईंना न्यायचं असेल तर तोवर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून स्टार्ट करायची जंपर केबल डिकीत ठेवा. केबलचा काळा क्लिप तुमच्या बॅटरीच्या मायनसवर नको, इंजिनाच्या उघड्या धातूवर लावा. अनेक गाड्यांत मायनसवर करंट सेन्सर असतो.

नेरूळकर: बदलताना दुकानदाराला एवढंच सांगा की बॉनेटखालची लेड-ॲसिड बदलायची आहे, हायब्रिडची छोटी लिथियम बॅटरी वेगळी आहे, तिला हात लावायचा नाही. बदलल्यावर घड्याळ आणि खिडक्यांचं सेटिंग पुन्हा करावं लागू शकतं. स्टार्ट-स्टॉप पहिल्या दिवशी सुरू झालं नाही तर घाबरू नका, दोन-चार दिवस वाट बघा.

भाव सांगताना जुनी बॅटरी परत देऊन किती आणि न देता किती, असे दोन्ही आकडे मागा. जुनी भंगारवाल्याला मुळीच देऊ नका. त्यात शिसं आणि ॲसिड असतं, आणि २०२२ च्या नियमांनी ती परत घेऊन रिसायकल करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. बिलावर बॅटरीचा सिरियल नंबर आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका.