पटल, पडदा की पापुद्रा?

प्रश्नकर्ती: दाब मोजणाऱ्या सूक्ष्म संवेदकावर मराठीत लिहितेय. सिलिकॉनचा दोनेक मायक्रॉन जाडीचा एक भाग दाबाने वाकतो, खालच्या इलेक्ट्रोडशी असलेलं अंतर घटतं आणि धारिता (विद्युतभार साठवायची क्षमता) वाढते. या वाकणाऱ्या भागाला काय म्हणू? श्वासपटल, कर्णपटल यांच्या चालीवर 'पटल' सुचतो, पण 'पापुद्रा' जास्त जिवंत वाटतो.

भाकरतुकडा: पापुद्राच! तव्यावरची भाकरी आठवा. कड चिकटलेली, आत वाफ, मधला भाग टम्म. तुमच्याकडे दाब वरून, एवढाच फरक.

जुना_फिटर: उपमा झकास, शब्द नको. पापुद्रा म्हटलं की तो सुटणार, निघणार असंच डोक्यात येतं. भिंतीच्या रंगाचा निघतो तसा. संवेदकात थर उखडला तर तो बिघाड. त्या बिघाडासाठी राखून ठेवा.

तबलापेटी: मग तबल्याची पुडी? वादी ओढून ताणलेली असते.

जुना_फिटर: इथे खरी मेख आहे. पुडी ताणामुळे दाबाला तोंड देते, पत्रा स्वतःच्या जाडीमुळे. गणित करताना दोघांची सूत्रं वेगळी. कडेने पक्की धरलेली गोल चकती पत्र्यासारखी वागत असेल तर जाडी दुप्पट केली की वाक आठपट कमी. पुडीसारखी वागत असेल आणि ताण तोच असेल, तर फक्त निम्मा.

आकडेच घ्या. त्रिज्या १०० मायक्रॉन, जाडी २, दाब १० किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे साधारण ७५ मिलिमीटर. पत्र्याच्या सूत्राने मध्यभागी वाक ०.१४ मायक्रॉनच्या आसपास. थर बसवताना त्यात ५० मेगापास्कल ताण राहिला असेल, तर नुसत्या पुडीच्या सूत्राने ०.२५. दोन्ही विरोध एकदम असतात, म्हणून प्रत्यक्ष वाक दोन्हींहून कमी, ०.०९ च्या घरात. एकच सूत्र धरलं की फसलात.

म्हणून भागाचं नाव 'पटल' ठेवा, आणि ते पुडीसारखं वागतंय की पत्र्यासारखं, हे वेगळं लिहा. 'पडदा' नाट्यगृहाला.

प्रश्नकर्ती: पटलं. (कोटी मुद्दाम नाही.) आता पदार्थाबद्दल. सिलिकॉन नायट्राइडचा यंग गुणांक २५० गिगापास्कलच्या आसपास, पॉलिइमाइड या प्लास्टिकचा अडीच. म्हणजे नायट्राइड शंभरपट 'कडक' लिहू?

जुना_फिटर: ओरखडा न पडणं म्हणजे कडक, टणक. वाकायला नाखूश असणं म्हणजे ताठ. गुणांक ताठपणा सांगतो. आणि सिलिकॉनला एकच आकडा देऊ नका, स्फटिकाच्या दिशेनुसार तो १३० ते १८८ पर्यंत बदलतो.

भाकरतुकडा: कडक भाकरी मात्र वाकतही नाही नि ओरखडतही नाही.

जुना_फिटर: ती मोडते. त्याला ठिसूळ म्हणतात, आणि सिलिकॉनही त्याच जातीचं.