मदत हवी आहे: दगडावर "६ गेले" एवढंच आहे, नावं कुठे शोधू?

मंडळी, आमचं गाव सिंधुदुर्गात. जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. मजकूर इंग्रजीत आहे: या गावातून ४१ माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांतल्या ६ जणांनी प्राण दिले. बस्स. दर १५ ऑगस्टला कुणीतरी अक्षरांत काळा ऑइलपेंट भरतं. यंदा ब्रश घसरला आणि ६ चा ८ होता होता राहिला. ब्लेडने खरवडून काढला.

आता चावडी पाडून नवं कार्यालय होणार. जुनी पाटी जपायची आणि शेजारी ग्रॅनाइटवर सहा नावं कोरायची, असं ग्रामसभेत ठरलं. नावं जमवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. "इंग्रजांसाठी मेले, त्यांचं काय एवढं" असाही सूर निघाला. निघू दे. पगारासाठी गेलेली पोरं होती, परत आली नाहीत, मला तेवढं पुरे आहे.

आजवर हाती आलेलं सांगतो. एका घरात ब्राँझची गोल चकती निघाली, साधारण १२ सेंमीची. त्यावर सिंह, हातात हार घेतलेली बाई आणि चौकटीत नाव. हुद्दा नाही, पलटण नाही. ही चकती मृतांच्याच घरी पाठवत, म्हणजे हा माणूस सहांतला नक्की. कित्येक वर्षं ती तांब्यावर झाकण म्हणून वापरात होती. सिंहाचं तोंड झिजून गुळगुळीत झालंय, नाव मात्र शाबूत.

दुसऱ्या घरातलं पदक चांदीचं म्हणून केव्हाच सोनाराकडे गेलं. पदकाच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते हे मला नंतर कळलं, तेव्हा चडफडलो. घरच्यांना "११० नंबर पलटण, कूतला अडकला" एवढंच ऐकून माहीत. ११० मराठा ही पलटण इराकमधल्या कूत शहराच्या वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली, इथवर जुळतं. पुढे काहीच नाही.

तिसरा बौद्धवाडीतला. १९१७ मध्ये उभ्या राहिलेल्या १११ महार पलटणीतला, असं त्याच्या घरी सांगतात. गावातल्या जाणत्यांनी मला जी तोंडी यादी दिली, तीत या वाडीतलं एकही नाव नव्हतं. शिवाय आता म्हणतात, "तो लढाईत नाही, तापाने गेला, त्याला कसा धरायचा?"

तर विचारायचं हे, की उरलेले तिघे कुठे शोधू? तापाने गेलेला धरायचा की नाही? आणि पाटीवरचा रंग कसा काढू?

प्रतिसाद

तापाचा प्रश्न आधी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांतल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था, ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळात सेवेत असताना गेलेल्या प्रत्येकाला धरतं, मग गोळीने जावो की तापाने. त्यांना चालतं तर तुमच्या ग्रामसभेला का चालू नये?

तुमच्या पाटीचं दुखणं इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाचंही आहे. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांचे मात्र पलटणीगणिक नुसते आकडे. नावं वेगळ्या नोंदवहीत आहेत आणि कमिशनच्या साइटवर फुकट शोधता येतात. आडनावाने शोधू नका, शिंदेचं स्पेलिंग त्या कारकुनाने काय केलं असेल देव जाणे. 'अधिक माहिती'चा रकाना असतो, तिथे गावाचं नाव तीन-चार स्पेलिंगांनी टाका. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव आणि गाव, तालुका, जिल्हा असतो. जिल्हा सिंधुदुर्ग टाकलात तर काहीच येणार नाही! तो १९८१ ला झाला, तेव्हा रत्नागिरी होता. गाव सावंतवाडी संस्थानात असेल तर तेही टाकून बघा.

बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र घाला. लिहिताना ११० मराठा म्हणजे १९२२ नंतरची तिसरी बटालियन, हे नमूद करा. संगमरवराला ॲसिड अजिबात लावू नका, आणि ब्लेडही बंद.

धागाकर्ता

अनेक आभार. रत्नागिरी टाकल्यावर गावाच्या चुकीच्या स्पेलिंगखाली तीन नोंदी निघाल्या. एकीतलं नाव चकतीशी अक्षरन् अक्षर जुळतं. एक कूतवाल्याची दिसते, नंबर मिळाला, तो घालून बेळगावला पत्र टाकतोय. १११ वाल्याचं नाव अजून सापडलेलं नाही, पण तो ग्रॅनाइटवर येणार, हे मी सरपंचांना सांगून ठेवलंय.

तिसऱ्या नोंदीत त्याचं नाव आहे, बापाचं आहे, गावाचं आहे, आडनाव नाही. चारही वाड्यांत विचारून आलो, ओळखणारं कुणी नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल कुणी काढली आहे का? अर्जात साल नेमकं द्यावं लागतं की अंदाजे चालतं?