पर्शियन मांजर घेण्याआधी
पर्शियन घ्यावी की गावठी, असं विचारलंय. पर्शियनच हवी असेल तर पिल्लाच्या आईबापाचा पीकेडी (मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) जनुकाचा रिपोर्ट मागाच, नुसत्या वंशावळीच्या कागदावर विसंबू नका. एकात जरी दोष असला तरी प्रत्येक पिल्लात तो उतरण्याची शक्यता किमान निम्मी, आणि मूत्रपिंडातल्या पाण्याच्या गाठी बरीच वर्षं कळतही नाहीत. शिवाय रोज कंगवा हवा. काखेत आणि कानामागे केसांचे गठ्ठे आधी होतात. ते कात्रीने मुळीच कापू नका हो! गठ्ठ्यासोबत पातळ कातडीही वर ओढली जाते आणि चिरते, क्लिपर (केस कापायचं मशीन) वापरा. डोळे रोज ओल्या कापसाने पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. गावठीला यातलं फारसं लागत नाही. लसी आणि नसबंदी मात्र दोघींनाही हवीच.