प्रतिसाद: बत्तीस गिरक्यांचं कौतुक पुरे

अनेकांचं म्हणणं असतं, 'स्वान लेक' या बॅलेमधल्या ओडीलच्या (काळ्या हंसिणीच्या) एका पायावरच्या ३२ गिरक्या जमल्या की नर्तिका पास. मला नाही पटत. इटालियन नर्तिका पिएरिना लेन्यानीने त्या १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला घेतल्या आणि पुढच्या प्रत्येकीच्या गळ्यात पडल्या. (मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या बॅलेच्या स्क्रीनिंगला तर आपले लोक पडद्यालाही टाळ्या देतात, तेही पाचव्या गिरकीलाच!) मॉस्कोच्या बोल्शॉय थिएटरची नर्तिका माया प्लिसेत्स्काया या गिरक्यांऐवजी रंगमंचाला भरधाव फेरी मारायची; नावं ठेवायची कुणाची बिशाद? तिचे हात बघा. तिची ओडेट (त्याच बॅलेतली पांढरी हंसिणी) पाठमोरी, चवड्यांवर सरकत विंगेत जाते तेव्हा खांद्यापासून बोटांपर्यंत लाट धावते, कोपर कुठे आहे तेच कळत नाही. बोल्शॉयचं १९५७ चं चित्रीकरण मिळालं तर तेवढा तुकडा दोनदा बघा, गिरक्या नंतर मोजू.